शनिवारची रात्र कुणाला मिळते?

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या ट्रॅफिकमध्ये एखादा तरी असा सापडतोच, ज्याच्या सॅकमध्ये ऑफिसच्या लॅपटॉपला चिकटून डीजे कंट्रोलर असतो. बाकीचे लोणावळ्याला पार्टी करायला निघालेले, हा पार्टी वाजवायला. पाच दिवस टेस्टिंग, सहाव्या दिवशी टेक्नो! तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत नोकरी करून सुट्टीच्या दिवशी बारमागे उभी राहणारी मुलं आहेत, संगीतला अँकरिंग करणाऱ्या मुली आहेत. आणि कामशेत, कार्ला, वरसोली, कुणेगावची, म्हणजे इथलीच, मावळातली पोरं तर आहेतच. आपल्यासाठी हा वीकएंडचा शौक असेल, त्यांच्या घरचा किराणा त्यावर भरला जातो.

या सगळ्यांना एकच प्रश्न छळत असतो. मंगळवारची मरगळलेली शिफ्ट माझ्या नशिबी आणि शनिवारची रात्र त्या दुसऱ्याच्या, असं का? उत्तरही ठरलेलं. 'त्याचं मॅनेजरशी सेटिंग आहे रे!'

सेटिंग असतंच, नाही कोण म्हणतं? पण या लाइनमध्ये चार-पाच सीझन काढलेल्या कुणाशीही बोला, चित्र जरा वेगळं दिसायला लागतं. ओळखीने पहिली शिफ्ट मिळते. दहावी मिळते ती वेगळ्याच कारणाने. मॅनेजर शनिवारी रात्री कशाला घाबरतो, हे ज्याला कळलं त्याला. आणि हे कळलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट मिळते, जी सेटिंगवाल्याला कधीच मिळत नाही. ती म्हणजे 'नाही' म्हणायची सोय.

आधी लोणावळ्याचा आठवडा समजून घ्या

लोणावळा म्हणजे कोरेगाव पार्क नव्हे, बॉस. इथली नाइटलाइफ राहते रिसॉर्टच्या लाउंज बारमध्ये, पूलसाइडला, बँक्वेट हॉलच्या संगीतमध्ये, तुंगार्लीच्या बंगल्यांत आणि पवना धरणाच्या काठच्या टेंटमध्ये. त्यामुळे 'क्लब मॅनेजर' म्हटल्यावर काळ्या शर्टातला जो माणूस डोळ्यांसमोर येतो, तो इथे कधी एफ अँड बी मॅनेजर असतो, कधी बँक्वेट मॅनेजर, कधी इव्हेंटवाला आणि पवनेच्या काठी तर थेट जागेचा मालक.

2002 मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे या दोन्ही शहरांचा वीकएंड या एका गावावर येऊन आदळायला लागला. शुक्रवार रात्र ते रविवार दुपार, ही खरी कमाई. त्यातही पावसाळ्याचे शनिवार, लग्नाचे मुहूर्त आणि 31 डिसेंबर म्हणजे सोनं. पण मधल्या वारी रिसॉर्ट रिकामी नसतात. मंगळवार ते गुरुवार येतात आपल्यासारखेच लोक. गळ्यात आयडी कार्ड, हातात टीम बिल्डिंगची दोरी. दिवसा प्रेझेंटेशन, रात्री 'गाला डिनर'.

आणि फंडा इथेच आहे. मॅनेजर नवीन माणूस शनिवारी ट्राय करत नाही, तो बुधवारी ट्राय करतो. शनिवारची गर्दी दोन पेग झाल्यावर कशावरही नाचते. बुधवारी मात्र समोर चाळीस अकाउंटंट हाताची घडी घालून बसलेले असतात आणि त्यांच्या एचआर मॅडमचा फीडबॅक मेल थेट जनरल मॅनेजरकडे जातो. असल्या ग्रुपला ज्याने रात्री साडेनऊला उठवून नाचवलं, त्याचं नाव मॅनेजर विसरत नाही. कारण ती कंपनी पुढच्या वर्षी पुन्हा येते.

आता तुम्ही म्हणाल, बुधवारी आम्हाला सुट्टी कोण देणार? बरोबर. मग ज्या वेळा कुणालाच नको असतात त्या मागा. शुक्रवारी सात ते नऊ, जेव्हा फ्लोअरवर फक्त वेटर असतात. रविवारी सकाळी अकराचं पूलसाइड, जेव्हा निम्म्या पब्लिकचं डोकं दुखत असतं. आणि हो, वॉर्म-अपला वॉर्म-अपसारखंच वाजवा. पहिल्याच तासात सगळी हिट गाणी उडवून मोकळा होणारा डीजे कुणालाच नको असतो. नंतर येणाऱ्या मेन डीजेला तर नाहीच नाही, आणि मॅनेजर त्याचं ऐकतो.

रोस्टर लिहितं कोण?

बहुतेक जण मोठ्या साहेबांना मस्का लावतात. पण बऱ्याच ठिकाणी साहेबांची फक्त सही असते. कुणाला कधी बोलवायचं हे प्रत्यक्षात ठरवतो असिस्टंट मॅनेजर, नाहीतर सीनिअर कॅप्टन. तो कोण आहे ते आधी शोधा. त्याला फोन करायची वेळ दुपारी तीन ते पाच. लंच आवरलेलं असतं, डिनरची तयारी सुरू व्हायची असते. शनिवारी रात्री नऊला 'सर, पुढच्या वीकला काही आहे का?' असा मेसेज टाकणारा माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेत असतो.

मेसेज कसा असावा? 'सर, कधीही बोलवा, मी रेडी आहे,' हा मेसेज मॅनेजरच्या काहीच कामाचा नाही. 'सर, या महिन्यात 14 आणि 21 ला मी नक्की आहे. 28 ला ऑफिसचं रिलीज आहे, जमणार नाही,' हा मेसेज त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी करतो. रोस्टर भरताना त्याला उत्साह नको असतो, तारखा हव्या असतात. न जमणारी तारीख आधी सांगणारा माणूस जमणाऱ्या तारखेला येतो, हे त्याला अनुभवाने माहीत असतं.

आणि दोस्ती फक्त मॅनेजरशीच करायची असं कुणी सांगितलं? कोणत्या सॉकेटला लोड झेपत नाही हे इलेक्ट्रिशियन दादांना माहीत असतं. पावसाळ्यात इथे लाइट जाणार हे गृहीत धरा. जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद तुमचा कन्सोल बंद पडतो, सगळा फ्लोअर तुमच्याकडे बघतो आणि मॅनेजरला घाम फुटतो. त्या दादांना भेटून, छोटा यूपीएस लावून ठेवलेल्या माणसावर ही वेळच येत नाही. स्टाफ मीलला किचनमधल्या मंडळींबरोबर बसा. तुमच्याबद्दलचं मत तिथे तयार होतं आणि तिथूनच कॅप्टनच्या कानावर जातं.

रात्रीचे दहा

लोणावळ्यातल्या प्रत्येक ओपन लॉन पार्टीची खरी परीक्षा एकच असते, रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंदिस्त हॉलचा प्रकार वेगळा. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस आधी जाहीर होतात. बाकीच्या रात्री दहा म्हणजे दहा.

आता सीन बघा. पावणेदहा. फ्लोअर पेटलाय. नवऱ्या मुलाचे मित्र कन्सोलवर आलेत, 'भाई, अर्धा तास और!' एकाच्या हातात पाचशेची नोट. पलीकडे मॅनेजर उभा. त्याला पोलिसांचा फोन नकोय, शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांची तक्रार नकोय. पण त्याला पाहुण्यांवर ओरडताही येत नाही, कारण बिल त्यांनीच भरायचंय.

इथे तीन प्रकारचे डीजे दिसतात. पहिला नोट खिशात घालतो आणि आवाज वाढवतो. त्या रात्रीचा हीरो हाच, पण पुढच्या महिन्याच्या रोस्टरवर त्याचं नाव नसतं. दुसरा दहाच्या ठोक्याला खाडकन आवाज बंद करतो. नियम पाळला, पण पार्टीचा पचका झाला आणि पाहुण्यांचा सगळा राग मॅनेजरवर निघाला. तिसरा साडेनऊलाच मॅनेजरला विचारून येतो, 'सर, आत हॉल तयार आहे ना?' नऊ पन्नासला माइक घेतो, शेवटचं गाणं सगळ्यांना म्हणायला लावतो आणि वरात काढल्यासारखी सगळी गर्दी नाचवत हॉलमध्ये नेतो. हॉल नसेल तर हेडफोन वाटून सायलेंट डिस्को. कुणाचा मूड गेला नाही, कुणाचा फोन आला नाही, मॅनेजरला तोंड उघडावं लागलं नाही.

शनिवार या तिसऱ्याला मिळतो. मग बाहेरचे म्हणतात, सेटिंग आहे त्याचं!

बारच्या अलीकडे, बारच्या पलीकडे

बारमागे काम करणाऱ्यांचं 'दहा वाजणं' वेगळं असतं. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 आणि हार्ड लिकरसाठी 25. ही अट आपण सगळ्यांनी कॉलेजात हसण्यावारी नेलेली असते. पण 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शेने दोन तरुण इंजिनिअर्सचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता. त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून बारच्या मंडळींनाही अटक झाली, आणि त्यात मॅनेजरही होते. त्यानंतर आयडी न बघता ग्लास भरणारा बारटेंडर म्हणजे मॅनेजरसाठी चालताबोलता धोका झाला.

म्हणून 'दादा, आयडी बघू का?' हे हसत, पण न चुकता विचारणारी माणसं मॅनेजरला गर्दीच्या रात्री हवी असतात. कुणाला पुढचा पेग द्यायचा नाही आणि ते भांडण न होता कसं सांगायचं, हेही कॉकटेलइतकंच शिकण्यासारखं आहे. त्यात पेग मापून भरणं, तुटलेला ग्लास त्याच दिवशी लिहून ठेवणं आणि क्लोजिंग स्टॉक जुळल्याशिवाय घरी न जाणं हे आलं की तुमची शनिवारची जागा जवळजवळ पक्की. आणखी एक बारीक मुद्दा. लायसन्स असलेल्या बारमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक्साइजचा नोकरनामा लागतो. 'माझा नोकरनामा काढणार ना, सर?' हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारा. चांगला मॅनेजर यावर चिडत नाही. चिडला, तर तेही कळलं ते बरंच झालं.

दोस्ती दोस्तीच्या जागी

आता जरा कडू भाग. रॅपो म्हणजे फुकट राबणं नव्हे. 'या वेळी असंच वाजव, पुढच्या वेळी बघू,' हे वाक्य या लाइनमध्ये सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ट्रायल द्यायची तर एकदाच, तास-दीड तासाची आणि बुधवारी. शनिवारच्या रात्री फुकट काम करणाऱ्याला पुढच्या शनिवारी पैसे का द्यायचे, असा प्रश्न समोरच्याला पडणारच ना?

दुसरा प्रकार म्हणजे कट. शिफ्ट देतो, त्यातले इतके मला. काही जण हसत हसत देतात. पण तुम्ही दोनशे दिले, तर उद्या तीनशे देणारा कुणीतरी येतोच. विकत घेतलेला शनिवार दर आठवड्याला नव्याने विकत घ्यावा लागतो.

टिप्सचा हिशोबही आधीच विचारा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात सक्तीने लावता येणार नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. म्हणजे पाहुणा खुशीने देईल तेच. मग टिप बॉक्स रात्री कोण उघडतं, वाटणी कशी होते, एक दिवस आलेल्याला त्यात वाटा आहे का? हे विचारण्यात लाज कसली!

तिसरं, कॅन्सलेशन. इथला शनिवार एका पावसात वाहून जातो. 30 जून 2024 च्या रविवारी भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध लावले. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला, चौघांचा जीव गेला. अशा घटनांपुढे आपल्या शिफ्टचं काय घेऊन बसायचं, हे खरंच. पण बुकिंग रद्द झालं की रोजावर आलेल्या मुलाचा दिवसही रद्द होतो, हेही तितकंच खरं. म्हणून तारीख ठरतानाच व्हॉट्सअॅपवर एक ओळ लिहून घ्या. आदल्या दिवशी रद्द झालं तर किती, आल्यावर रद्द झालं तर किती. तोंडी बोलणं दोस्तीत विरघळतं, लिहिलेलं राहतं.

आणि जाता जाता आयटीवाल्यांसाठी. 2022 मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांची कामं करणाऱ्या 300 जणांना घरी पाठवलं होतं. तुम्ही टेक्नो वाजवताय, कोड विकत नाही आहात, हे मान्य. तरी ऑफर लेटरमधलं 'दुसरी नोकरी' वालं कलम एकदा वाचून घ्या राव.

घरी कसं जाणार?

पैसे, वेळ, टिप्स सगळं ठरतं आणि हा प्रश्न शेवटी राहतो. खरं तर तो पहिला असायला हवा. पार्टी संपवून, केबल गुंडाळून, स्टॉक जुळवून मोकळं होईपर्यंत लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी शेवटची लोकल कधीच गेलेली असते आणि पहिली पहाटे असते. मधल्या वेळात पावसात, जुन्या हायवेवर, झोपाळलेल्या डोळ्यांनी बाइकवरून कामशेत-तळेगाव करणारी पोरं बघितली की जीव घाबरा होतो. 'सर, पहाटेपर्यंत स्टाफ रूममध्ये एक बेड मिळेल का?' हे आधी ठरवा. बेड मिळत नसेल तर शिफ्टचे पैसे मोजताना त्या रस्त्याचाही हिशोब करा.

मुलींसाठी तर हा प्रश्न दुप्पट मोठा. बारमागे बाई उभी राहू नये असं म्हणणारा एक जुना कायदा दिल्लीत होता, तो सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये रद्दबातल ठरवला. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बायकांच्या रात्रपाळीची अट स्पष्ट आहे. तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय हवी. तुम्ही फ्रीलान्स असाल तर हे सगळं आपोआप मिळेल असं नाही, म्हणून ड्रॉप हा मानधनाचाच भाग समजून मागा. आणि 'रॅपो' या शब्दाआडून कुणी भलतंच सुचवत असेल, तर तिथे रॅपोचा विषय संपला. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रार समिती लागते. त्याहून छोट्या ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. नोकरी कायमची आहे की एका रात्रीची, याने तक्रारीचा हक्क जात नाही.

शेवटचा प्रश्न, जो कुणीच विचारत नाही. मागचं दार कुठाय? डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिल्सच्या रूफटॉप आगीत 14 जण गेले. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, 25 जण गेले. त्यात 20 जण तिथे काम करणारे होते. पाहुणे नाहीत, स्टाफ! पार्टीत सगळ्यात आतल्या बाजूला आपणच असतो. किचनमध्ये, स्टोअरमध्ये, कन्सोलच्या मागे.

म्हणून नव्या जागी साउंडचेकच्या आधी मॅनेजरबरोबर एक चक्कर मारा. बाहेर पडायचे रस्ते किती, त्यांच्यासमोर क्रेट रचलेत का, अग्निशामक सिलिंडर कुठाय, हॉलमध्ये कोल्ड फटाके लावणार आहेत का? पाच मिनिटांचं काम. ज्याला आपल्या जागेची काळजी आहे तो मॅनेजर तुमच्याबरोबर चालतो आणि दारासमोरचे क्रेट तिथल्या तिथे हलवायला लावतो. अशा माणसाने मंगळवार दिला तरी घ्या. आणि जो 'अरे, काही होत नाही यार' म्हणून पाठीवर थाप मारतो, त्याने 31 डिसेंबरची रात्र दिली तरी त्याला सांगा, 'सॉरी सर, त्या दिवशी जमणार नाही.'